गाण्यातली जागा, गाण्याची जागा

गवयाने समेच्या तोंडाशी स्वर किंचित झुकवला, एखादी हरकत नेमक्या क्षणी टाकली, की समोरचा मराठी श्रोता मान हलवून म्हणतो, ‘काय जागा घेतली!’ आपल्या भाषेत बसायच्या ठिकाणालाही जागा म्हणतात आणि स्वराच्या त्या नेमक्या वळणालाही. दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद या पट्ट्यातल्या आजच्या संगीताचा आढावा घ्यायला बसलो, तेव्हा हा शब्द मनातून जाईना. इथे नव्या गाण्यांचा पूर आहे, कार्यक्रमांच्या जाहिरातींनी मेट्रोची स्थानकं भरलेली असतात, पन्नास-साठ हजारांची मैदानं भरतात. तरीही ज्या मधल्या आकाराच्या खोल्यांत गाणं पिकतं, त्या खोल्याच इथे टिकत नाहीत. माझ्या मते दिल्लीच्या संगीताचा खरा प्रश्न हाच आहे. नव्या अल्बमची यादी आणि येत्या कार्यक्रमांचं पंचांग याच प्रश्नाच्या उजेडात वाचायला हवं.

हंगाम फार लहान

आधी पंचांग. मोकळ्या हवेत बसून गाणं ऐकावं असे दिवस दिल्लीत मोजकेच. एप्रिलपासून ऊन तापतं, जुलै-ऑगस्टात दमट उकाडा, दिवाळीच्या मागेपुढे हवेत धूर भरतो आणि गवयाचा गळा धरतो, डिसेंबर-जानेवारीत धुकं आणि बोचरी थंडी. उरतात ते ऑक्टोबरचे काही आठवडे आणि फेब्रुवारी-मार्च. त्यामुळे बहुतेक कार्यक्रम याच दोन खिंडींत दाटीवाटीने येतात. एका शनिवारी तीन ठिकाणी जावंसं वाटतं आणि पुढचे चार महिने कुठेच जाता येत नाही, हा इथल्या रसिकाचा नेहमीचा अनुभव.

तरीही या पंचांगात काही तिथ्या ठरलेल्या आहेत. ऑगस्टात गांधर्व महाविद्यालयाचा विष्णु दिगंबर जयंती समारोह होतो. हिवाळा सरता सरता श्रीराम भारतीय कला केंद्राचा शंकरलाल संगीत महोत्सव येतो, त्याची सुरुवात १९४७ ची. त्याच सुमारास मुजफ्फर अली यांनी २००१ मध्ये सुरू केलेला ‘जहान-ए-खुसरो’ हा सूफी संगीताचा उत्सव असतो. त्याने २०२५ मध्ये सुंदर नर्सरीत पंचविशी साजरी केली. ‘स्पिक मॅके’च्या नेहरू पार्कातल्या मैफली हिरवळीवर सतरंज्या टाकून होतात. ऑक्टोबरात आयआयटीचा ‘राँदेव्हू’ आणि जानेवारीनंतर दिल्ली विद्यापीठातल्या महाविद्यालयांचे उत्सव हे नव्या बँडचे आखाडे. आणि ऋतू कोणताही असो, दर गुरुवारी संध्याकाळी निजामुद्दीन दर्ग्याच्या अंगणात कव्वाली असतेच. त्या मैफलीची ना जाहिरात निघते, ना तिकीट. या शहरातलं सगळ्यात नेमाने चालणारं ‘लाइव्ह’ संगीत आजही तेच आहे.

तिकीट आणि पास

गाण्याचे पैसे श्रोत्याने द्यावेत की आश्रयदात्याने, हा वाद दिल्लीत नवा नाही, आणि त्याची एक दोरी थेट कृष्णाकाठी जाते. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम घेतली आणि संस्थानाचा आश्रय सोडून ते बाहेर पडले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. गवयाने राजाच्या मर्जीवर न राहता सामान्य माणसाच्या पैशावर जगावं, ही त्यामागची दृष्टी. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांच्याकडे शिकलेल्या विनयचंद्र मौद्गल्यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय उभं केलं. पुढे मौद्गल्यांचे पुत्र मधुप मुद्गल देवासला कुमार गंधर्वांकडे शिकले. शुभा मुद्गलांनी कुमारजींबरोबर जितेंद्र अभिषेकींचीही तालीम घेतली. मिरज, पुणे, देवास, गोवा अशा सगळ्या वाटा दिल्लीच्या एका इमारतीत येऊन मिळाल्या. विजया मुळे यांच्या १९७४ च्या ‘एक अनेक और एकता’ या छोट्या चित्रपटातून देशभरच्या मुलांच्या तोंडी बसलेलं गाणंही मौद्गल्यांच्याच लेखणीतलं, आणि त्याला संगीत वसंत देसाईंचं.

स्वातंत्र्यानंतर मात्र दिल्लीत तिकिटाची वाट अरुंद होत गेली. राजधानीत आश्रयदाता म्हणून सरकार येऊन बसलं. १९५२ ते १९६२ या काळात बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवर १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ मध्ये रेडिओ संगीत संमेलन आलं. सिनेसंगीताला त्यांनी जवळपास दार बंद केलं आणि लोक सिलोन केंद्राकडे वळले, हे खरं. पण शास्त्रीय कलावंताला घरबसल्या देशभरचा श्रोता आणि नियमित मानधन मिळालं, हेही तितकंच खरं. संगीत नाटक अकादमी १९५३ ची. दिल्ली विद्यापीठातल्या संगीत विभागात रातंजनकरांच्या शिष्या सुमती मुटाटकरांनी पिढ्या घडवल्या. त्रिवेणी कला संगम, इंडिया इंटरनॅशनल सेंटर, पुढे इंडिया हॅबिटॅट सेंटर अशी सभागृहं आली आणि तिथे बहुतेक मैफलींना प्रवेश विनामूल्य राहिला.

या फुकट गाण्याने दिल्लीवर फार मोठे उपकार केले आहेत. विद्यार्थी, नोकरीसाठी आलेला एकटा तरुण, निवृत्त कारकून, सगळे एकाच ओळीत बसून मोठमोठ्यांना ऐकू शकले. पुण्यातून दिल्लीला आलेल्या माणसाला हे पाहून भरून येतं. पण याची दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडायला हवी. पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव चालतो. तिथे लोक रांग लावून तिकीट काढतात, चटया अंथरून भारतीय बैठकीत बसतात आणि उत्सव आपला मानतात. दिल्लीत विचारलं जातं, ‘पास है क्या?’ पास मिळवणं ही इथे ओळखीची खूण झाली. जिथे श्रोत्याला पैसे द्यायची सवयच लागली नाही, तिथे सरकारी अनुदान किंवा उद्योगपतीची कृपा आटली की कार्यक्रम थांबतो. नवा, नाव नसलेला गायक मग कुठे जाणार? सभागृहाचं भाडं त्याला झेपत नाही आणि तिकीट लावलं तर कोण येणार, अशी भीती असते.

अल्बम मैफलीतून जन्मतो

दिल्लीच्या बँड परंपरेची गोष्ट याच कोंडीवर शोधलेल्या वाटेची आहे. युफोरिया १९८८ चा, इंडियन ओशन १९९० चा, परिक्रमा १९९१ चा. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक सुरू केलं. पुढे ते दिल्लीत आलं आणि ‘ग्रेट इंडियन रॉक’ या वार्षिक मेळ्याने देशभरच्या बँडना एकमेकांचे चेहरे दाखवले. २०१२ च्या जानेवारीत सैगल गोव्यात समुद्रात बुडून गेले, तेव्हा या क्षेत्रात जी पोकळी झाली ती अजून भरलेली नाही.

इंडियन ओशनचा ‘डेझर्ट रेन’ हा १९९७ चा अल्बम आठवा. तो बंद स्टुडिओत मुद्रित झालेला नाही. रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ मंडी हाऊसला झालेल्या कार्यक्रमाचंच ते ध्वनिमुद्रण. थंडीतली उघड्यावरची मैफल, समोर लोक, आणि त्यातूनच अल्बम. २००० मधल्या ‘कंदिसा’ने बँडचं नाव देशभर केलं. त्यातल्या ‘मा रेवा’ची नाळ नर्मदेच्या खोऱ्याशी आहे. बँडचे बासवादक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात वावरले होते आणि ते खोरं आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत पसरलेलं आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी ऐकलेले सूर दिल्लीच्या गिटारवर आले, ते आंदोलनाच्या मुक्कामांत आणि नंतर शेकडो मैफलींत घोळून. २०१० च्या अल्बमला त्यांनी करोलबागेतल्या आपल्या जुन्या तालीमघराचा पत्ताच नाव म्हणून दिला: ‘१६/३३० खजूर रोड’. त्यातली गाणी त्यांनी इंटरनेटवर मोफत वाटली. त्याआधी, २००९ च्या डिसेंबरात, तबला आणि आवाज दोन्ही सांभाळणारे अशीम चक्रवर्ती गेले होते. एका घराला, एका मित्राला आणि एका काळाला दिलेला तो निरोप होता.

परिक्रमानेही आपली गाणी विकण्यापेक्षा वाटणं पसंत केलं आणि पोट भरलं ते महाविद्यालयांच्या मैदानांवरून. २००७ मध्ये ते इंग्लंडच्या ‘डाउनलोड’ महोत्सवापर्यंत पोचले. इलेक्ट्रॉनिक संगीतात मिडिव्हल पंडित्झ या दिल्लीच्या जोडगोळीने आपल्याच मैफली भरवून श्रोता तयार केला आणि २००२ मध्ये पहिला अल्बम आणला. या सगळ्यांत एक समान धागा आहे. आधी जागा, मग श्रोता, मग अल्बम. गाणं लोकांसमोर वर्षभर वाजायचं, तिथे त्याचे कोपरे घासले जायचे आणि मग ते मुद्रित व्हायचं.

खोल्या उघडतात, खोल्या मिटतात

दर दहा वर्षांनी दिल्लीत छोट्या जागांची एक पिढी येते आणि जाते. अधचिनीचं टर्क्वॉइज कॉटेज, साउथ एक्स्टेन्शनचं कॅफे मॉरिसन, हौज खास गावातलं द लिव्हिंग रूम, कुतुबमिनारच्या परिसरात आलेली मुंबईच्या ‘ब्लू फ्रॉग’ची शाखा. ही नावं आज चाळिशीतल्या दिल्लीकराला विचारा, त्याचा आवाज बदलेल. सफदरजंग एन्क्लेव्हमध्ये २०१५ साली अर्जुन सागर गुप्तांनी ‘द पियानो मॅन जॅझ क्लब’ सुरू केला आणि तिथे एक साधी शिस्त घालून दिली: वादन चालू असताना बोलायचं नाही. शास्त्रीय बैठकीत आपण जे गृहीत धरतो ते बारमध्ये आणणं सोपं नव्हतं. पण त्या शिस्तीमुळे जॅझ वाजवणाऱ्या तरुणांना दिल्लीत पहिल्यांदा रोज वाजवायला आणि लक्षपूर्वक ऐकलं जायला ठिकाण मिळालं. पुढे या क्लबची शाखा गुरुग्राममध्येही निघाली.

या खोल्या का टिकत नाहीत? कारणं गूढ नाहीत. पहिलं भाडं. दुसरं जमीनवापराचे नियम. दक्षिण दिल्लीतल्या अशा बऱ्याच जागा निवासी वस्तीच्या अंगाला आहेत. २००६ च्या आणि पुन्हा २०१७-१८ च्या सीलिंग मोहिमांनी गाळ्यांना टाळी लावली, तेव्हा संगीताची ठिकाणं कायम धास्तीत राहिली. तिसरं आवाज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. झोपणाऱ्या शेजाऱ्याचा हक्क मोठाच आहे. त्यावर उपाय म्हणजे ध्वनिरोधक भिंती, आणि त्यांना पैसे लागतात.

चौथं कारण सगळ्यात दुर्लक्षित आहे. दिल्लीतल्या जवळपास सगळ्या छोट्या संगीतखोल्या मद्यालयं आहेत, कारण वादकाचं मानधन बारच्या गल्ल्यातूनच निघतं. आणि दिल्लीत मद्यसेवनाचं कायदेशीर वय २५ आहे. हरियाणाने २०२१ मध्ये कायदा बदलून ते २१ केलं, उत्तर प्रदेशातही २१ आहे. म्हणजे ज्या वयात माणूस सगळ्यात जास्त गाणी ऐकतो, बँड काढतो, मित्राच्या पहिल्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवायला जातो, त्या अठरा ते चोवीसच्या वयाला दिल्लीतल्या अनेक खोल्यांच्या दारावर अडवलं जातं. गुरुग्रामकडे संगीत सरकलं त्यात भाड्याबरोबर याही फरकाचा वाटा आहे, असं मला वाटतं. पण रात्री अकरानंतर मेट्रो मिळत नाही आणि लक्ष्मीनगरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गुरुग्रामहून परतण्याचं टॅक्सीभाडं तिकिटाहून जास्त पडतं. मुलींच्या बाबतीत तर घरी कसं यायचं, हा प्रश्न तिकिटाच्याही आधी येतो.

पश्चिम दिल्लीचा आवाज

जिथे खोली मिळाली नाही, तिथे एका पिढीने गल्ली आणि फोन वापरला. दिल्लीच्या रॅपची गोष्ट ही आहे. यो यो हनी सिंग, बादशाह, रफ्तार ही मंडळी याच शहरातून पुढे आली आणि पार्टीच्या गाण्यांत व सिनेमात गेली. दुसरी वाट धरली ती टिळकनगरच्या प्रभदीपने. त्याचा ‘क्लास-सिख’ २०१७ मध्ये आला. निर्मिती सेझ ऑन द बीटची, आणि प्रकाशन त्याच वर्षी दिल्लीत सुरू झालेल्या आझादी रेकॉर्ड्सचं. पश्चिम दिल्लीतल्या पोरांचं जगणं, नशा, पोलीस, चौऱ्याऐंशीच्या शीखविरोधी हिंसाचाराच्या जखमेची सावली हे सगळं दिल्लीच्या पंजाबीत आलं. पार्टीच्या गाण्यांना सरावलेल्या कानाला तो धक्का होता.

सीधे मौत, म्हणजे सिद्धांत शर्मा आणि अभिजय नेगी या जोडीने तीच भाषा पुढे नेली. ‘बयान’ २०१८ चा, ‘नायाब’ २०२२ चा, ‘लंच ब्रेक’ २०२३ चा. त्यांच्या २०२५ च्या अल्बमचं नाव ‘डीएल९१ एफएम’. गाडीच्या पाटीवरची दिल्लीची अक्षरं त्यांनी थेट अल्बमच्या कपाळावर लिहिली. त्यांच्या बोलण्यातली हरियाणवी झाक असलेली, आखूड, तुटक हिंदी ऐकली की बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलाचा आवाज ऐकल्यासारखं वाटतं. मुंबईच्या रॅपची ओळख ‘गली बॉय’ने २०१९ मध्ये देशाला करून दिली. दिल्लीच्या रॅपला असा सिनेमा मिळाला नाही. त्याने आपला श्रोता एकेक करून जमवला, आणि म्हणूनच तो श्रोता आज शब्दन्शब्द पाठ म्हणतो.

नवं काय ऐकावं

आता गेल्या काही वर्षांतल्या नव्या अल्बमकडे येऊ. पंचांगातल्या कार्यक्रमांना जाण्यापूर्वी हे चार ऐकून ठेवावेत.

पहिला इंडियन ओशनचा ‘तू है’, २०२३. २०१४ च्या ‘तांदनु’नंतर नऊ वर्षांनी आलेला. संस्थापक गिटारवादक सुस्मित सेन २०१३ मध्येच बाहेर पडले होते. त्यामुळे जुन्या माणसांना सूर थोडा परका वाटेल. पण राहुल राम यांची बास आणि अमित किलम यांचे ताल यांची घट्ट वीण तशीच आहे. हा अल्बम एका बैठकीत ऐकावा. गाणी घाईत काही सांगत नाहीत, आणि तेच त्यांचं बळ.

दुसरा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बेटा’, ऑगस्ट २०२४. हा बँड २००९ च्या सुमारास दिल्लीत सुरू झाला. त्यांच्या २०१९ च्या ‘बिस्मिल्ला’ने त्यांना परदेशात श्रोता दिला. सूर्यकांत साहनींचा खोल, आळसावलेला आवाज, पितळी वाद्यांची लग्नघरातल्यासारखी गर्दी, मधूनच जुन्या सिनेमाची हवा. दिल्लीच्या फार्महाऊसमधल्या लग्नाची रात्र उलटून गेल्यावर जी रिकामी पहाट असते, ती या संगीतात आहे. साहनींचा ‘लिफाफा’ या नावाने आलेला २०१९ चा ‘जागो’ हिंदीत आहे. इंग्रजी गाण्यांशी नातं न जुळणाऱ्या वाचकाने तिथून सुरुवात करावी.

तिसरा ब्लडीवुडचा ‘नू डेल्ही’, मार्च २०२५. मेटल म्हणजे गोंगाट असं ज्यांना वाटतं त्यांनी हा मुद्दाम ऐकावा. ढोल, बासरी आणि विजेच्या गिटारची भिंत एकत्र येते तेव्हा आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत छातीत घुमणाऱ्या ताशाची आठवण होते. २०१६ मध्ये विडंबनगीतांपासून सुरुवात केलेल्या या दिल्लीकरांनी २०१९ मध्ये जर्मनीच्या ‘वाकेन’ महोत्सवात वाजवलं आणि २०२२ मध्ये ‘रक्षक’ हा पहिला स्वतःच्या रचनांचा अल्बम आणला. आपल्या शहराचं नाव कपाळावर घेऊन हा बँड जगभर फिरतो. मायदेशात त्याला ऐकायची संधी त्या मानाने क्वचितच येते. एवढ्या वजनाचं संगीत पेलतील अशा जागा दिल्लीत किती आहेत, हे मोजलं की कारण कळतं.

चौथा अर्थात ‘डीएल९१ एफएम’. आणि यादीबाहेर एक नाव: अमरस रेकॉर्ड्स. दिल्लीतल्या या छोट्या कंपनीने लाखा खान यांची सिंधी सारंगी, बाडमेरचे लोकवादक अशांचं ध्वनिमुद्रण त्यांच्या गावी जाऊन केलं आणि त्याच कलावंतांना शहराच्या मंचावर आणलं. आवाजाच्या या नेआणीत दिल्ली नेहमीच चांगला दुवा ठरली आहे. मेनव्हूपॉज या दिल्लीच्या बँडचे अनुप कुट्टी अरुणाचलातल्या झिरो महोत्सवाच्या संस्थापकांपैकी एक आहेत, तीही याच दुव्याची खूण.

गाणं आलं, पैसे नाही आले

अल्बम काढणं आज स्वस्त झालं आहे. संगणक, एक बरा माइक, वितरकाची थोडकी वर्षाची फी, की गाणं जगभर. पण त्यातून घर चालत नाही. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. २०२४ पासून त्याचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. नोएडाच्या ‘गाना’ने २०२२ मध्ये मोफत सेवा थांबवली. एअरटेलचं ‘विंक’ २०२४ मध्ये बंद झालं. एखाद्या मंचावर जमवलेला श्रोता मंचाबरोबरच नाहीसा होतो, हे संगीतकारांनी डोळ्यांनी पाहिलं.

याच नोएडात टी-सिरीजचं मुख्यालय आहे. दर्यागंजच्या रसाच्या दुकानातून वर आलेल्या गुलशन कुमारांनी कॅसेटचा भाव पाडून भजनं, प्रादेशिक गाणी आणि सिनेसंगीत गावोगाव नेलं. त्याच कंपनीची यूट्यूब वाहिनी २०१९ मध्ये दहा कोटी सदस्यांचा टप्पा ओलांडणारी पहिली ठरली. जगातली सगळ्यात मोठी संगीतवाहिनी ज्या शहरात आहे, त्याच शहरातला स्वतंत्र गायक मित्राच्या गच्चीवर गातो. हे अंतर कायद्याने थोडं कमी केलं आहे. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा काढून घेता येत नाही. पण त्यासाठी आधी गाणं वाजायला हवं आणि वाजल्याची नोंद व्हायला हवी. तोवर स्वतंत्र वादकाचं पोट चालतं ते लग्नांवर, कंपन्यांच्या मेजवान्यांवर आणि शिकवण्यांवर. म्हणूनच थेट कार्यक्रम हा आज संगीतकाराचा मुख्य आधार आहे. अल्बम ही त्या कार्यक्रमाची आमंत्रणपत्रिका झाली आहे.

मैदानाचं गारूड

आणि कार्यक्रम म्हटला की आज सगळ्यांच्या नजरा मैदानाकडे जातात. २६ आणि २७ ऑक्टोबर २०२४ ला दिलजीत दोसांझने जवाहरलाल नेहरू स्टेडियम भरलं. त्याच मैदानावर २०२५ च्या ऑक्टोबरात ट्रॅव्हिस स्कॉट आला. एड शीरन फेब्रुवारी २०२५ मध्ये गुरुग्रामच्या लेझर व्हॅलीत गायला. २०११ मध्ये त्याच लेझर व्हॅलीत मेटॅलिकाचा कार्यक्रम आयत्या वेळी रद्द झाला होता आणि चिडलेल्या गर्दीने मंचाची मोडतोड केली होती. तिथून इथवर आयोजनाची मजल मोठी आहे, हे मान्य करायला हवं. हजारो तरुण एका सुरात गातात ते दृश्य मलाही आवडतं.

पण दिलजीतच्या कार्यक्रमानंतर धावपटूंच्या सरावाच्या जागी कचरा आणि मोडलेलं साहित्य पडल्याच्या बातम्या आल्या. संगीतासाठी बांधलेली मोठी बंदिस्त जागा शहरात नसल्यामुळे खेळाडूंच्या मैदानावर आपण उसने बसतो. मैदानी कार्यक्रमातून स्थानिक बँडला मिळतं ते फार तर उघडत्या अर्ध्या तासाचं निमित्त. आणि एका तिकिटात श्रोत्याची सहा महिन्यांची कार्यक्रमांची पुंजी संपते.

मधली पायरी

आकार मांडून पाहिले की चित्र स्पष्ट होतं. खालच्या पायरीला शंभर-दीडशे माणसांचा क्लब. मग कमानी सभागृह, सुमारे सहाशे आसनांचं. मग अठराशेच्या आसपासचं सिरी फोर्ट. मग एकदम मैदान. कमानी आणि सिरी फोर्टात खुर्च्या पक्क्या, उभं राहून ऐकायची सोय नाही, तारखांसाठी सरकारी आणि संस्थांच्या कार्यक्रमांची रांग, आणि भाडं नव्या बँडच्या आवाक्याबाहेरचं. तीनशे ते आठशे माणसं उभी राहू शकतील, मद्याशिवायही चालेल, मेट्रोपासून चालत जाता येईल आणि शेजाऱ्याची झोप मोडणार नाही, अशी खोली दिल्लीत जवळजवळ नाही. शंभर श्रोत्यांवरून दहा हजारांवर उडी मारणारा कलावंत क्वचित. बाकीचे मधल्या दरीत पडतात आणि नोकरी धरतात.

हे अशक्य काम नाही. दिल्लीत बंद पडलेली चित्रपटगृहं आहेत, संध्याकाळी कुलूप लागणारी महाविद्यालयांची सभागृहं आहेत, पहाडगंजच्या बृहन्महाराष्ट्र भवनासारख्या प्रांतोप्रांतीच्या समाजांच्या वास्तू आहेत. महापालिकेने आणि विद्यापीठाने महिन्यातले चार शनिवार तिकीट लावणाऱ्या नव्या कलावंतांना परवडणाऱ्या भाड्यात द्यावेत, एवढीच मागणी आहे. करही इथे आडवा येत नाही. संगीत कार्यक्रमाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला वस्तू व सेवा कर माफ आहे, त्यापुढे १८ टक्के लागतो. म्हणजे स्वस्त तिकिटाची वाट कायद्यानेच मोकळी ठेवलेली आहे.

आणि श्रोत्याने? पास मागणं सोडावं. महिन्यात एक तिकीट काढावं, तीनशे-चारशे रुपयांचं, ज्याचं नाव आपण कधी ऐकलेलं नाही अशा माणसाचं. वेळेवर जावं, फोन खिशात ठेवावा, शेवटच्या गाण्यापर्यंत बसावं. पलुस्करांनी राजाची पायरी उतरून सामान्य श्रोत्यावर विश्वास टाकला, त्याला सव्वाशे वर्षं झाली. ऑगस्टात त्यांच्या नावाचा समारोह होईल तेव्हा दिल्लीत पाऊस पडत असेल आणि सभागृह भरलेलं असेल. त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या खोलीत पंचवीस माणसांसमोर एखादी मुलगी आपलं नवं गाणं पहिल्यांदा म्हणत असेल. तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज ठरल्या वाटेवरून किंचित वळेल, तिला स्वतःलाच न सुचलेलं काहीतरी सापडेल. ती जागा स्टुडिओत सापडत नाही. ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघूनच घेता येते, आणि त्यासाठी समोर कुणीतरी बसलेलं असावं लागतं.